हे कोणाचं?

मी एक जुना डबा आहे, आणि सध्या माझ्या पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे भरलेले आहेत. हसू नका, मित्रांनो. एके काळी याच पोटातून दोन माणसं रोज चहा पीत होती. त्या दोघांची दोस्ती माझ्यासमोर तुटली आणि माझ्यामुळेच पुन्हा सांधली. एका डब्याच्या जन्मात एवढं घडलं, हे काय थोडं झालं?

माझा जन्म इंग्लंडातला, बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, ठोकला, वाकवला आणि वर झकास कल्हई केली. मी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर आहे, म्हणजे शिपायाच्या पाठीवरच्या पिशवीला नीट चिकटून बसावं. झाकणाला दुमडती मूठ. खोक्यात भरून मला पलटणीच्या छावणीत पाठवलं, आणि तिथे पहिल्याच दिवशी मी पुरता गोंधळून गेलो.

गोंधळ भाषेचा होता. कारखान्यातलं इंग्रजी मला कळत असे. पण ही माणसं बोलत होती ते काय होतं? चहाला 'चा' म्हणत. पावाला 'रूटी'. मुरंब्याला 'पॉझी', आणि सकाळच्या पातळ लापशीला 'बर्गू'. चहा ज्या मोठ्या हंड्यात उकळे ती 'डिक्सी'. पहाटे अंथरुणात मिळणाऱ्या चहाला तर चक्क तोफेचा बार म्हणत! तो बार होणार म्हणून पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसलो, आणि आली काय, तर वाफाळती डिक्सी. वाट्यापेक्षा जास्त, फुकट मिळालं की ते 'बक्शी'. एखाद्याचं डोकं फिरलं की तो 'डूलाली' झाला.

मला वाटे, हे शब्द कुठून आले असतील? कोणी शिकवले यांना? पुढे कळलं, की यातले कितीतरी तुमच्याच मुलखातून बोटीत बसून आले होते. चा, रोटी, डेगची, बक्षीस. आणि डूलाली म्हणजे तुमची देवळाली. तिथल्या छावणीत घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून गोरे शिपाई वेडे होत म्हणे.

हे मला सांगितलं माझ्या मालकाने. शिपाई जाबेझ टॉन्क्स. लोखंडी साखळ्या घडवणाऱ्यांच्या गावचा, रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा गडी. त्याची जवानी हिंदुस्थानात गेली होती. तिथे त्याला एक सवय जडली होती, दिसेल ते घासायची. बुटं, बटणं, पट्टा, आणि मी. विटेची भुकटी, राख आणि थुंकी लावून तो मला असा घासे की तुमच्याकडची दिवाळीतली पितळी समई लाजावी. मला त्याने कधी चुलीवर चढू दिलं नाही. घासून झालं की मला उंच धरून तो ओरडे, "डेको मारा रे, डेको! राजाच्या महालात असा आरसा नसेल!" डेको मारणं म्हणजे बघणं. हाही शब्द तुमचाच.

मग १९१४ साली मोठी लढाई सुरू झाली आणि आम्ही फ्रान्सला गेलो. खंदकात चकाकणारी वस्तू म्हणजे मरणाला आवतण. पण हाताची सवय जाते थोडीच? पहिल्याच सकाळी जाबेझ मला घासत बसला आणि सार्जंट अंगावर धावून आला.

"टॉन्क्स! हा डबा आहे की दीपगृह? शत्रूला आपला पत्ता द्यायचाय का?"

"नाही सार्जंट. पण कळकट डब्यात चा गोड लागत नाही."

"मग गोड नको पिऊस. झाक ते!"

तेव्हापासून खंदकात मला गोणपाटाचं टोपडं मिळालं. मला फार राग येई त्याचा. पण विश्रांतीला खंदकांमागच्या गावात आलो, की टोपडं काढून जाबेझ मला पुन्हा घासे. सगळी तुकडी हसायची. त्याला काही फरक पडत नसे.

पलटणीत एक रीत होती. दोघांनी जोडी जमवायची, आणि मग खाणं, पिणं, पांघरूण, सगळं अर्धं अर्धं. अशांना सगळे 'एका डब्यातले' म्हणत. जाबेझच्या डब्यातला, म्हणजे माझ्यातला दुसरा घोट घेणारा होता आमोस पिचफर्ड. पाववाल्याच्या घरात वाढलेला, सडसडीत, मितभाषी. जाबेझ दहा वाक्यं बोले तेव्हा आमोस एकदा "हं" म्हणे. पण एकाचा घोट घेऊन झाला की मी न मागता दुसऱ्याच्या हातात जाई. थंडीत चारी हात माझ्याभोवती असत. मला ते फार आवडे.

त्या हिवाळ्यात आमची तुकडी बरेच दिवस मागच्या गावात होती. रस्त्यांतले खड्डे बुजवायचं काम होतं. मुक्काम एका शेतकऱ्याच्या कोठारात. भिंतीला एक खिळा होता, तिथे मी टांगलेला असे आणि आमोस सकाळी माझ्या सपाट बाजूत बघून दाढी करी. चेहरा थोडा वाकडा दिसे, पण गाल कापला जात नसे.

असाच एकदा तो दाढी करत असताना माझ्यात त्याला मागचा कोपरा दिसला. तिथे बाबा क्रम्प बसला होता. त्याचं खरं नाव एलायजा. तुकडीतला सर्वांत थोराड, म्हणून सगळे त्याला बाबा म्हणत. आपल्याकडे कोणी बघत नाही असं समजून बाबाने तोंडातून कवळी काढली. तिचे दोन तुकडे झाले होते.

आमची बिस्किटं तशीच होती, मित्रांनो. त्यांना बिस्किट म्हणणं हा बिस्किटांचा अपमान. फरशीचा तुकडाच तो. एका शिपायाने बिस्किटावर पत्ता लिहून, तिकीट लावून ते टपालाने घरी पाठवलं आणि ते धड पोचलं म्हणतात. त्यावर बाबाची कवळी फुटली, यात नवल ते काय?

आमोसने वळून पाहिलं. बाबाचं तोंड आत बसलं होतं. तो धडपडत उठला आणि आमोसचा हात धरला.

"आमोस, लेका, कोणाला सांगू नकोस. तुझ्या गळ्याची शपथ आहे."

"डॉक्टरला दाखव ना बाबा. नवी करून देतील."

"डॉक्टर आधी वय विचारेल. मी पन्नाशी ओलांडली रे. भरती होताना पंधरा वर्षं गिळलीत मी. ही मिशी बुटाच्या काळ्या पॉलिशने रंगवतो. कळलं की मला दुसऱ्याच दिवशी घरी धाडतील."

"मग बरंच की. घरी जायला सगळे तडफडतायत इथे."

"आणि जोएल?" बाबा म्हणाला. "त्याला आईविना वाढवलाय मी. तो इथे, आणि मी घरी चुलीपाशी बसू?"

जोएल हा बाबाचा एकुलता एक मुलगा. शेजारच्या तुकडीत होता. रोज संध्याकाळी काम संपलं की कोठाराच्या दारात येऊन बापाला हात करून जायचा. बाबा त्या क्षणाची दिवसभर वाट बघे. आमोसने गालावरचा साबण पुसला आणि म्हणाला, "हं." ती त्याची शपथ होती.

पण बाबाने खायचं काय? रूटी कमी येई आणि बिस्किटं फार. पावाची अदलाबदल मागावी, तर नेड स्पर्लिंगने लगेच विचारलं असतं, "का?" या स्पर्लिंगच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याला कळलं असतं तर कॉर्पोरल हॅलमला कळलं असतं, आणि हॅलम नियमाचा माणूस. त्याने ते वर कळवलंच असतं.

आता आमची वाटणी कशी होई ते ऐका, कारण सगळी गोष्ट तिथेच अडली आहे. जमिनीवर मेणकापड पसरायचं. त्यावर माणसांइतके वाटे मांडायचे. कुठे जाड मऊ पाव, कुठे नुसती बिस्किटं, कुठे पॉझीचा चमचाभर गोळा. मग एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कॉर्पोरल चमचा एका वाट्यावर टेकवून विचारी, "हे कोणाचं?" पाठमोऱ्याने कोणाचंही एक नाव घ्यायचं, की तो वाटा त्याचा. बघणारा बोलत नाही आणि बोलणारा बघत नाही, मग भांडण कशाला होईल?

आमच्याकडे पाठ करून उभा राही आमोस, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. आणि तो उभा राही त्या भिंतीला, बरोबर त्याच्या नाकासमोर, मी टांगलेला असे. घासूनपुसून लख्ख.

आलं लक्षात? सगळं मेणकापड माझ्यात दिसे. कॉर्पोरलचा चमचा दिसे. इतके दिवस आमोस डोळे मिटून घेत असे. मी स्वतः पाहिलंय ते. पण त्या दिवशी त्याने डोळे उघडले. चमचा मऊ पावावर आला.

"हे कोणाचं?"

"बाबाचं."

आणि चमचा बिस्किटावर आला, की तो स्वतःचं नाव घेई. कधी स्वतःचं, कधी जाबेझचं. दुसऱ्या कोणाच्या ताटातलं त्याने काढलं नाही. बाबाला जास्त गेलं, ते या दोघांच्या वाट्यातूनच गेलं. मला ते दिसत होतं, पण डबा बोलणार कसा?

जाबेझ बिचारा कडाकडा बिस्किटं फोडी आणि म्हणे, "आमोस, तुझ्या जिभेवर शनी बसलाय गड्या. आपल्या नशिबाला कधी पाव येणार?" आमोस माझ्यातून चहाचा घोट घेई आणि म्हणे, "हं."

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी स्पर्लिंगने तोंड उघडलं.

"कॉर्पोरल, एक विचारू? मऊ पावाला बाबाच्या घरचा रस्ता पाठ झालाय का हो? रोज तिकडेच जातो तो."

सगळे हसले.

"हसा. आणि बाबाचा खोकलाही ऐका जरा. चमचा पावावर आला की खॉक खॉक. बिस्किटावर आला की घसा साफ. आणि काल बाबा आमोसच्या खिशात सिगारेटी कोंबत होता. या डोळ्यांनी पाहिलं मी."

हसणं थांबलं. खोकला नुसता थंडीचा होता, पण सिगारेटी बाबाने दिल्या होत्या हे खरं. उपकार फेडायला दुसरं त्याच्याजवळ होतं काय? आमोस नको नको म्हणत होता.

जाबेझ उठून उभा राहिला. "आमोस, घेतल्यास तू सिगारेटी?"

"घेतल्या."

"कशाबद्दल?"

आमोसने बाबाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सांगता येणार नाही."

"मलाही नाही?"

"तुलाही नाही."

"एका डब्यातले ना आपण?" जाबेझचा आवाज फाटला. "बिस्किटं फोडून फोडून जबडा मोडला माझा! मी म्हणायचो, गड्याचं नशीब फुटकं, त्याला कशाला बोला. आणि तू माझा वाटा विकत होतास?"

जाबेझने मला खिळ्यावरून ओढून काढलं आणि कोठाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्या संध्याकाळी तो एकटाच चहा प्यायला. दोनच हात माझ्याभोवती. अर्धा चहा झाला आणि सवयीने त्याने मला बाजूला पुढे केलं. तिथे कोणी नव्हतं. उरलेला चहा त्याने दाराबाहेर ओतून टाकला. मित्रांनो, मला सांगा, कोणाचं चुकलं होतं? मी रात्रभर हाच विचार करत राहिलो.

वाटणीत लबाडी करणाऱ्याला पलटणीत कोणी आपल्या डब्यातलं पाणी देत नाही. प्रकरण सार्जंटकडे गेलं तर वर शिक्षा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉर्पोरल हॅलमने मेणकापड पसरलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"आमोस, शेवटचं विचारतो. काय प्रकार आहे?"

"बाबाचं नशीब चांगलं आहे," आमोस म्हणाला. बिचाऱ्याला खोटंही धड बोलता येत नव्हतं.

"ठीक. नशीब असेल तर माणूस बदलल्याने ते बदलणार नाही. आज पाठ करून दुसरा उभा राहील. टॉन्क्स, तू ये. तुझंच नुकसान झालंय, तू कोणाची बाजू घेणार नाहीस."

"आनंदाने," जाबेझ म्हणाला. मी त्याच्या हातात होतो.

"हात मोकळे ठेव. हातात काही नको, मागाहून कोणी बोलायला नको."

म्हणून जाबेझने मला परत त्या खिळ्याला अडकवलं आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. या जागी तो कधीच उभा राहिला नव्हता. आधी त्याला त्याचाच संतापलेला चेहरा दिसला. मग खांद्यामागचं मेणकापड. मग कॉर्पोरलच्या हातातला चमचा. त्याचे डोळे मोठे झाले. मला घासायला त्याने इतका घाम गाळला होता, आणि सगळी भानगड माझीच निघाली! त्याचे ओठ हलले. आता हा ओरडणार, आमोस संपला, असं मला वाटलं.

तेवढ्यात चमचा सर्वांत जाड पावावर टेकला.

"हे कोणाचं?"

सगळ्यांचे डोळे चमच्यावर होते. कोपऱ्यात काय चाललंय ते फक्त माझ्यात दिसत होतं, आणि माझ्याकडे बघत होता एकटा जाबेझ. बाबा क्रम्प उठून उभा राहिला होता. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून कवळीचे दोन तुकडे काढले आणि तो कॉर्पोरलच्या दिशेने निघाला. आमोसची बदनामी त्याला सोसवेना. तो सगळं कबूल करायला निघाला होता. बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, आणि त्यात एकही दात नव्हता. पलीकडून आमोस त्याच्याकडे बघत मान हलवत होता, नको, नको म्हणून. आणि दारात जोएल येऊन उभा होता, बापाला हात करायला.

"टॉन्क्स! झोपलास का रे? हे कोणाचं?"

"बाबाचं!" जाबेझ एवढ्या मोठ्याने ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली. "बाबा क्रम्पचं!"

बाबा होता तिथेच थांबला. कोठारात एकच हशा झाला.

"आयला! बाबा, तुझ्या नशिबाला दंडवत!"

"आणि खोकला कुठाय आज? आज तर म्हातारा खोकलाही नाही!"

चमचा पुढे सरकला. बिस्किटं. "हे कोणाचं?"

"माझं," जाबेझ म्हणाला.

पुन्हा बिस्किटं. "हे?"

"आमोसचं."

मग पाव आणि वर पॉझीचा भला मोठा गोळा.

"स्पर्लिंगचं," जाबेझ म्हणाला, आणि स्पर्लिंगचं तोंड त्या दिवसापुरतं बंद झालं.

बाबाने रुमाल खिशात ठेवला, हाताने तोंड झाकलं आणि दारातल्या पोराला दुसऱ्या हाताने हात केला. जोएल हसून निघून गेला. त्याला कधीच काही कळलं नाही.

त्यानंतर जाबेझने मला खिळ्यावरून काढलं, डिक्सीतून काठोकाठ चहा भरला आणि आमोस बाहेर ओंडक्यावर बसला होता तिथे गेला. पहिला घोट त्याच्यापुढे धरला.

"घे."

आमोसने घेतला. "डेको मारलास?"

"मारला."

"मग?"

"मग काय? बिस्किटं यात भिजव. वेळ लागेल, पण आपल्याला कुठे लग्नाला जायचंय?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस, मूर्खा."

"शपथ होती."

"हं," जाबेझ म्हणाला. त्या दिवशी तो शब्द त्याने आमोसकडून उसना घेतला. माझ्याभोवती पुन्हा चार हात आले. सांगू का मित्रांनो, त्या दिवशी मी कल्हईचा नाही, चांदीचा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी जाबेझ मला घासायला बसला तो उठेचना. सार्जंटने विचारलं, "टॉन्क्स, आता काय भोक पाडणार आहेस त्याला?" जाबेझ म्हणाला, "चा गोड लागायला पाहिजे, सार्जंट."

पुढे बाबा सुट्टीवर घरी जाऊन नवी कवळी घालून आला, आणि लढाई संपल्यावर बापलेक एकाच बोटीने परतले. आमोस मात्र परतला नाही. त्याबद्दल मला जास्त बोलवत नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतर जाबेझने माझ्यात कधी काठोकाठ चहा भरला नाही. अर्धाच भरायचा.

तो मला गावी घेऊन आला. म्हातारा होईपर्यंत दर रविवारी राख लावून घासायचा. घरात केक कापला की पोरांना सांगायचा, "असं नाही. एकाने भिंतीकडे तोंड करा." आणि ती भिंत नेमकी तीच असे, जिथे मी टांगलेला. का, ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. तो गेला, आणि मला घासणारा हातही गेला. मी आधी काळवंडलो, मग गंजलो. मग कोणीतरी माझ्यात चिमटे भरले आणि मला त्याच भिंतीला परत टांगलं.

पण रीत राहिली आहे. जाबेझच्या नातवाची मुलं अजून तशीच वाटणी करतात. कालच केक कापला. मोठी हेट्टी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मागून विचारलं गेलं, "हे कोणाचं?" तिने खुशाल नाव घेतलं. तिच्या धाकट्या भावाचे पुढचे दोन दात परवाच पडलेत, आणि नेमका करपलेला कडक काठ त्याच्या वाट्याला आला. तो रडला नाही. कोपऱ्यात बसून चोखत राहिला. मला ते दिसत होतं. हेट्टीला कसं दिसणार? मी कितीही धडपडलो तरी माझ्यात आता गंजच दिसतो. ती पोर वाईट नाही हो. तिला दिसलं असतं, तर तिने नक्की दुसरं नाव घेतलं असतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. माझ्या पोटात चिमटे राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण बाहेरून चिमूटभर राख लावून मला घासा. आणि वाटणीची पाळी तुमच्यावर येईल, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहाल, तेव्हा नाव घेण्याआधी माझ्यात एक डेको मारा.